हशाची जागा

बाई आमच्या दारावरची बेल तीनदा वाजवत. सलग नाही. एकदा वाजवून थांबत, मग दुसऱ्यांदा, मग पदर सारखा करण्याइतकं थांबून तिसऱ्यांदा. दार उघडायचं ते तिसरीनंतर. हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी पहिल्याच बेलला धावत जाऊन दार उघडलं. "अगं, अजून दोन व्हायच्यात," असं म्हणून त्यांनी माझ्या हातून दार ओढून घेतलं. मी आपली माझ्याच घरात, बंद दाराच्या आत, उरलेल्या दोन घंटांची वाट बघत उभी. तिसरी झाली, दार उघडलं, आणि बाई अशा आत आल्या की मी नकळत भिंतीला सरकून त्यांना वाट दिली. त्यांना वाटीभर साखर हवी होती.

ही गोष्ट दोह्यातली, अल मुंतझा भागातली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, बाई तिसऱ्यावर, मुलाकडे. वर्ल्ड कप यायला अजून काही वर्षं होती आणि त्याच्या नावानं सगळं शहर उकरून ठेवलेलं. आज ज्या रस्त्यानं भाजी आणली तो उद्या असेलच याची खात्री नसे. बाईंचा मुलगा इंजिनियर, उम्म सलालच्याही पुढे एका स्टेडियमच्या साइटवर. उजाडायच्या आत जायचा, दिवे लागल्यावर यायचा. त्याची बायको मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला राहायला गेली म्हणून सोबतीला त्यानं आईला बोलावून घेतलं. सोबत कसली, तो घरी असायचाच किती! ती सोबत सगळी माझ्या वाट्याला आली. माझं भाग्य, असं मी आता म्हणते. तेव्हा पुष्कळदा कपाळावर हात मारून घेतला आहे.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई नव्हेत. नाटकातल्या मोठ्या स्त्रीला आदरानं म्हणतात तशा बाई. संगीत नाटकाच्या कंपनीत त्यांचं आयुष्य गेलं, आणि तेही विनोदी कामं करण्यात. नायिका गायची, रडायची, लोकांचे रुमाल ओले व्हायचे. पुढच्या प्रवेशात त्याच लोकांना बाई गाऊन गाऊन हसवायच्या. भांडखोर बायको, चोंबडी शेजारीण, बहिरी सासू. "तिला शालू, मला झाडू," म्हणायच्या, आणि त्यात तक्रार नसे. शालूवाल्या पुष्कळ होऊन गेल्या, झाडू मात्र शेवटपर्यंत बाईंच्याच हातात राहिला, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कंपनी सुटून किती वर्षं झाली तरी अंगातली वेळ सुटली नव्हती. संध्याकाळी सहाला तोंड धुऊन, पावडर लावून, काजळ घालून बाई तयार. जायचं कुठेच नसे. त्या वेळात त्यांना भूक लागत नसे आणि एका जागी बसवतही नसे. 'प्रयोग' आटोपायची वेळ झाली की काजळ पुसायचं आणि मग आडवा हात मारायचा. खिडकीखाली मेट्रोचं खोदकाम दिवसभर धाडधाड चाललेलं. बिल्डिंगमधले आम्ही सगळे त्या आवाजाला विटलो होतो, बाई त्याच्यावर पदं म्हणत. "ठेका बरा धरलाय मेल्यांनी, पण समेवर यायचं नावच नाही." एसीच्या घरघरीत त्यांना सूर सापडे. आमच्या हॉलमधला एसी काळी एकमध्ये आणि बेडरूममधला काळी तीनमध्ये बोलतो, हा शोध त्यांचाच. मेकॅनिक येऊन बेडरूममधला दुरुस्त करून गेला तेव्हा बाई कान लावून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बेसूर करून ठेवला."

माणसाची पारख त्या एन्ट्रीवरून करत. माझ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितलं, "तुम्ही खोलीत येता ते माफी मागायला आल्यासारखे. दारात थांबा, सगळ्यांना बघू द्या, मग या." तो बिचारा हसला खरा, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगला दारात थांबून मग आत गेला. त्याला पुढे प्रमोशन मिळालं, त्याचं श्रेय बाई उघड उघड घेत. मीही देते.

अरबी शब्द त्यांना चारच येत, पण काय येत! कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मल्याळी दुकानदार "दही खलास" म्हणाला की बाई नुसतं "खलास?" म्हणत. त्या एका शब्दात आश्चर्य, दुःख, आणि आता तुझ्या दुकानाचं कसं होणार ही काळजी, सगळं असे. दुकानदार पुढे पुढे दही असलं तरी आधी खलास म्हणायचा आणि मग काउंटरखालून डबा काढायचा.

पण मी त्यांच्यापुढे खऱ्या अर्थानं हात टेकले ते छत्रीच्या दिवशी. भर उन्हाळा. रस्ता वळवलेला, त्यामुळे गाड्यांची ही रांग. बाई फुटपाथवर माझी वाट बघत उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर कामगारांची बस अडकून पडलेली. आत माणसं दमून, घामेजून, खिडकीच्या काचेला डोकी टेकून बसलेली. मी पलीकडून गाडी लावून येत होते, म्हणून मला सगळं लांबून दिसलं. बाईंनी छत्री उघडायला घेतली. ती उघडेना. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या नवऱ्याकडे बघताहेत. पुन्हा खटका दाबला. छत्री अर्धी उघडून मिटली. बाईंनी आजूबाजूला कुणी बघितलं का ते पाहिलं. बसमधलं एक डोकं काचेवरून उठलं. बाईंनी छत्रीला समजावलं, गोंजारलं, एकदा पाठ फिरवून रुसून दाखवलं, आणि छत्री फाडकन उघडली तेव्हा दचकून चार पावलं मागे गेल्या. अख्खी बस खिडक्यांना आली. कोण नेपाळी, कोण बंगाली, कोण आपल्याकडचा, काही कळत नव्हतं. सगळे काचेवर हात मारून हसत होते. बस हलली तशी बाईंनी मान किंचित झुकवली आणि मी जवळ गेले तर म्हणाल्या, "हाउस बरं होतं." छत्री नवीकोरी होती. मी उघडून पाहिली, एका बोटानं उघडली.

मला त्या दिवशी रडू आलं. का ते मलाही नीट सांगता येत नाही. त्या उन्हात, त्या धुळीत, एका बाईनं नुसत्या छत्रीनं पन्नासेक माणसांचा शीण उतरवला, आणि मी गाडीची किल्ली हातात घेऊन ते बघत होते, एवढंच.

नाटकात त्या शिरल्या त्याची कथा त्या स्वतः फार रंगवून सांगत. वडील कंपनीच्या कपडेपटात, राजाच्या शेल्यांना इस्त्री करणारे. एकदा नायिकेची एक सखी आजारी पडली म्हणून मिरजेच्या या पोरीला तबक देऊन उभं केलं. नायिकेनं विरहाचं पद संपवलं, "आज ते नक्की येणार" म्हणाली, तंबू स्तब्ध, आणि सखीला सणसणीत शिंक आली. लोक हसले. पोर घाबरली आणि घाबरून बोलून गेली, "घ्या! आता कसले येतायत ते!" तंबू कोसळायचा बाकी राहिला. नायिका विंगेत जाऊन खरीखुरी रडली. मालकांनी पोरीला असं झापलं की ती दुसऱ्या दिवशी घरीच बसायच्या तयारीत होती. झापून झाल्यावर मालक जाता जाता म्हणाले, "उद्या परत शिंकायचं. तिथंच." तेव्हापासून तबकात तपकिरीची डबी.

नटानं स्वतःच्या मनानं घातलेल्या वाक्याला पदरचं वाक्य म्हणतात. बाईंचं सगळं आयुष्य या पदरच्या वाक्यांवर उभं राहिलं. समोर काहीही घडो, कुणी उशिरा येवो, मूल रडो, दिवे जावोत, बाई त्याचं वाक्य करत. आणि चाललं तर ते दुसऱ्या दिवसापासून नाटकातच शिरे.

अशा गप्पा त्या आमच्याकडे मारत, स्वतःच्या घरी नाही. सुट्टीच्या दिवशी मी वर गेले आणि बाईंनी "आमच्या कंपनीत" असा सूर लावला की त्यांचा मुलगा उठून पाणी प्यायला आत जाई. त्या घरात पाणी फार प्यायलं जाई. मुलगा वाईट नव्हता हो. आईला काय हवं नको ते बघायचा, गुडघ्यांसाठी डॉक्टर, कानासाठी डॉक्टर. पण कंपनी म्हटलं की तहान. मला एवढंच माहीत होतं की बाईंचे यजमान लवकर गेले, मूल आत्याकडे वाढलं, आणि पावसाळ्यात कंपनीचे प्रयोग बंद असत तेवढे दिवस त्याला आई मिळे. त्यानं आईचं काम कधी पाहिलं नव्हतं, असं मी धरून चालले होते.

मग आमच्या मराठी मंडळानं ठरवलं की बाई इथे आहेत तर त्यांच्याकडूनच एक जुनं संगीत प्रहसन बसवून घ्यायचं. बाईंनी ते अथपासून इतिपर्यंत तोंडपाठ सांगितलं, मी उतरवून घेतलं, आणि म्हणून प्रॉम्प्टिंगही माझ्या गळ्यात पडलं. कंजूष नवरा आणि त्याची तोंडाळ बायको. बायको अर्थात बाई. वय पंचाहत्तरीच्या घरात. नवरा म्हणून मिळाला तो नाशिकचा एक तरुण, गॅस कंपनीत सेफ्टी ऑफिसर. नाटकात तो गाणाऱ्या बायकोच्या मागे पलंगाभोवती झाडू घेऊन धावतो आणि फटके मारतो, असा प्रवेश. हा मारायलाच तयार नाही. "बाई, रिस्क आहे हो. तुम्हाला लागलं म्हणजे?"

"लागलं तर मी ओरडीन, आणि तेही सुरात ओरडीन. तू मार."

तालमींना ही सगळी ऑफिसची माणसं जिवाचा आटापिटा करून यायची. कुणी हसू यावं म्हणून तोंड वेडंवाकडं केलं की बाई थांबवत. "हसू मागू नका हो. तुम्ही आपलं खरं भांडा." दोन महिन्यांत त्यांनी त्या एक्सेलवाल्यांना खरं भांडायला शिकवलं. काहींच्या घरी त्याचा त्रास झाला म्हणतात.

एका तालमीत मंडळातले एक काका, मूळचे सोलापूरचे, एकदम पुढे सरसावले. "बाई, हे नाटक मी कॉलेजात असताना बघितलंय. झाडूच्या प्रवेशात प्रेक्षकांतून एक पोरगं ओरडतं बघा, 'माझ्या आईला हसू नका!' आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून म्हणता..."

"ते नाही घ्यायचं," बाई म्हणाल्या.

"अहो, पण सगळ्यात मोठा हशा तिथंच! आमचा नातू आहे की ओरडायला."

"ते या नाटकात नाही."

कधी नव्हे ते बाईंनी एखाद्याकडे न बघता उत्तर दिलं. तालीम पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडताना त्यांनी मला सांगितलं. विचारलं मी नव्हतं.

"कराडला आमचा तंबू लागला होता. नणंद त्याला घेऊन आली, मला न कळवता. सात वर्षांचा होता. आईचं नाटक बघायला मिळणार म्हणून नवा सदरा घालून आलेला. आणि बघतोय काय, तर आईला एक माणूस झाडूनं मारतोय आणि हजार माणसं हसताहेत. उभा राहिला खुर्चीवर आणि ओरडला. सगळा तंबू गप्प झाला गं. सुई पडली तर ऐकू येईल असा."

"मग?"

"मग मी कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, 'बघा! अख्ख्या तंबूत एकच जाणता माणूस!'" कोथिंबिरीची काडी त्यांच्या बोटांत तशीच राहिली. "जन्मात तसा हशा मी ऐकला नव्हता. थांबेचना. माणसं माना वळवून वळवून त्याच्याकडे बघून हसत होती. आणि तो खुर्चीवर उभा."

त्यांनी ती काडी ताटात ठेवली.

"विंगेत आले तर मालक म्हणाले, उद्यापासून रोज. कंपनीतलं एक पोर लोकांत बसवायचं ठरलं. पुढं कैक वर्षं ते चाललं. गावोगाव माझं नाव झालं ते त्या जागेवर. त्याला ते पुढं कळलंच असणार, कळल्याशिवाय राहतंय होय? पण तो माझ्याशी त्यावर कधी बोलला नाही आणि परत नाटकाला आला नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही नाही बोललात?"

"काय बोलू? खरं सांगायचं तर त्या घडीला मला तो दिसलाच नाही. मला जागा दिसली."

हशाची जागा. मी त्या बाईंकडे बघत राहिले. मला त्यांची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी त्यांच्याबद्दलचा आदर आणखी वाढला, कमी नाही झाला. त्यांनी सारवासारव केली नाही, पोटासाठी केलं म्हणाल्या नाहीत, रडल्या नाहीत. जे होतं ते तसंच माझ्या ओट्यावर ठेवलं. मग कोथिंबीर संपवली आणि हात धुताना म्हणाल्या, "एकदा येऊन बघावं त्यानं, एवढंच वाटतं गं. हसला नाही तरी चालेल. आता किती दिवस माझे गुडघे पलंगाभोवती पळणार?"

मुलाला पास मीच नेऊन दिला. त्यानं तो दोन्ही बाजूंनी वाचला. "शुक्रवारी साइटवर इन्स्पेक्शन आहे, वहिनी. बघतो." आणि पाणी प्यायला आत गेला.

प्रयोग शुक्रवारी दुपारी, एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, मुलाची खुर्ची रिकामीच. बाईंनी ती पाहिली की नाही, मला कळलं नाही. मी विंगेत वही घेऊन उभी होते आणि माझ्याशेजारी एक थकलेली म्हातारी गुडघ्याला बाम चोळत होती. तिची एन्ट्री आली. ती उठली आणि प्रकाशात गेली, आणि देवाशपथ सांगते, तिथे पोहोचेपर्यंत ती तीस वर्षांची झाली होती. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत, माइकला हात लावला नाही. गाताना मधेच नवऱ्याचा हिशेब चुकवत होती, पदर खोचत होती, ताल एका अक्षरानंही सुटत नव्हता. इंग्लिश शाळेतली आमची पोरं, जी मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देतात, ती खुर्च्यांवरून घसरत होती. मला प्रॉम्प्ट करायचं भान राहिलं नाही, आणि त्याची कुणाला गरजही पडली नाही.

झाडूच्या प्रवेशाच्या जरा आधी हॉलचं मागचं दार उघडलं. मुलगा आला. साइटवरच्याच कपड्यांत, बुटांवर माती, कपाळावर हेल्मेटचा वळ. बसला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

सेफ्टी ऑफिसरनं जीव तोडून झाडू हाणला. बाई पलंगाभोवती पळत गायल्या, फटका बसला की तान घेतली, आणि हॉल हसून हसून लोळायला आला. त्या पळत पळत पुढे आल्या आणि त्या जागेवर थांबल्या. सोलापूरचे काका खुर्चीतून पुढे झुकले. बाईंनी समोर बघितलं. अंधारात त्यांना कसं दिसायचं देव जाणे, पण त्यांना तो दिसला. सगळा हॉल तोंड उघडून तयार बसला होता. त्या वेळी बाई काहीही बोलल्या असत्या तरी छप्पर उडालं असतं. मला वाटलं, आता राहवणार नाही यांना. ज्या बाईनं शिंकसुद्धा सोडली नाही, ती हे सोडेल?

त्यांनी सोडलं. कमरेकडे गेलेला हात खाली आला, त्या वळल्या आणि पुढचं वाक्य घेतलं. बघणाऱ्यांना काही कळलंही नाही. मी एवढं मोठं काम रंगभूमीवर दुसरं पाहिलेलं नाही.

परतताना मी त्यांच्याच गाडीत होते, मागच्या सीटवर, मांडीवर हार आणि झाडू. बाई पुढे. मुलगा गाडी चालवत होता. दिवेलागणीची, मगरिबची बांग होऊन गेली होती. एका नव्यानं वळवलेल्या रस्त्यावर सिग्नल लागला आणि आम्ही थांबलो. समोर नारिंगी बॅरिकेड, पलीकडे क्रेन.

"आई," मुलगा समोर बघतच म्हणाला, "त्या झाडूच्या सीनमध्ये एक जागा रिकामी गेली."

बाई एकदम वळल्या नाहीत. "कळलं तुला?"

"कळणारच. लोक तयार होते. मीही वाट बघत होतो."

"तिथं एक ओरडणं होतं. काढलं मी ते."

"माहितीये," तो म्हणाला. "माझंच होतं ते."

मला दार उघडून उतरून जावंसं वाटलं. एवढ्या वर्षांनी तो ते बोलला होता, आणि तेही माझ्यासारख्या परक्या बाईसमोर. आता बाई रडतील, माफी मागतील, असं मी धरून बसले. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुझं होतं म्हणून तर इतकी वर्षं चाललं रे," त्या म्हणाल्या. "माझी स्वतःची वाक्यं दुसऱ्या गावात पडायची."

पुन्हा तेच! पुन्हा परक्यासमोर त्याच्या दुखण्याचं वाक्य केलं यांनी! मुलाचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले मला दिसले. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतोय. तो हसत होता. मग मोठ्यानं हसायला लागला, डोकं मागे टाकून, डोळे पुसत, पुन्हा हसत. एवढ्या गंभीर माणसाच्या पोटात एवढं हसू होतं हे मला माहीतच नव्हतं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा धडाका लावला.

बाई बोलल्या नाहीत. हशा चालू असताना त्यावर बोलायचं नसतं. त्यांनी त्याला पोटभर हसू दिलं, शेवटचा हुंदका विरेपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "चल आता. रस्ता मोकळा झालाय."